हितचिंतक

"बाई, महिन्याभरात इंग्रजी किती सुधारलं हो तुमचं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. नव्यानेच शाळेत लागलेल्या मृदुलाला तो अनोळखी हितचिंतक आठवला. ती पाठांचे व्हिडिओ नेटवर टाकायची आणि तो न चुकता खाली उच्चारांच्या चुका लिहायचा. अगदी पहिल्या व्हिडिओपासून, ज्यात तिने हौसेने आपली भाड्याची खोली आणि खिडकीसमोरची पाण्याची टाकीही दाखवली होती.

संध्याकाळी खोलीवर तिने उद्याची कविता मोठ्याने म्हणून पाहिली. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. त्या हितचिंतकाचाच मेसेज होता.

"कविता छान. शेवटचं कडवं जरा घाईत म्हणालात."

व्हिडिओ तर तिने अजून केलाच नव्हता. उठून तिने खिडकी लावली, कडी घातली.

फोन पुन्हा वाजला.

"खिडकी का लावलीत, बाई? आता मी चुका कशा काढणार?"