बैठकीतली मासोळीवाली

माझ्या प्रफुलची एक खोड मला अजिबात खपत नाही. घरी पाहुणे आले की म्हणतो, "आई, टोपली घेऊन मागच्या दारानं ये. वास येते." ब्रह्मपुरीच्या बाजारात मासोळ्या विकूनच मी त्याला प्रोफेसर केलं!

त्याला इंग्रजांची जुनी छापील व्यंगचित्रं जमवायचा नाद. परवा लंडनहून एक मागवलं आणि काच लावून बैठकीत टांगलं. कॉलेजातले साहेब मुद्दाम पाहायला आले. चित्रातली जाडी बाई कमरेवर हात ठेवून एका टोपवाल्या साहेबाला शिव्या घालत होती.

"ही लंडनची मासोळीवाली, दोनशे वर्षांपूर्वीची," प्रफुल कौतुकानं सांगत होता. "काय रुबाब आहे बघा बाईचा!"

"सर, तुमच्या आई काय करतात?" एकानं सहज विचारलं.

"आमची शेती आहे ना," तो म्हणाला.

मी सैपाकघरातून ऐकत होती. माझं डोकंच फिरलं. तशीच टोपली उचलली आणि सगळ्यांच्या मधात जाऊन उभी राहिली.

"प्रफुल, माहे गिऱ्हाईक जिती मासोळी मांगतेत. तुले मात्र मासोळीवाली मेलेली पायजे."