ब्रेकमधली हवा

पाना पुन्हा सटकला आणि सहादेवची बोटं जीपच्या चाकामागच्या पत्र्यावर खरडली. रात्रभर रॉकेल पाजलं होतं त्या बोल्टाला, सकाळपासून हातोडीनं ठोकणं चाललं होतं, तरी तो हलायचं नाव घेत नव्हता. मागच्या चाकातलं ब्रेकचं रबर बदललं, पण ब्रेकच्या तेलात हवा शिरली आणि ब्रेक पार तळाला जायला लागला. हवा काढायची तर हा एवढासा बोल्ट सुटायला हवा. आज सप्त्याची सांगता. काल्याच्या कीर्तनाचे बुवा तिकडे शेवगावात जीपची वाट बघत बसलेले, आणि इकडे देवळात माणसं जमायला लागलेली.

थोरला रंगनाथ हाताची घडी घालून बघत होता. जीप दोघा भावांची, पण दिवाळीपासून दोघांचा अबोला. काय बोलायचं ते आईच्या, गोजरबाईच्या तोंडून.

“आई, त्याला म्हनावं आधी जरा आवळ, मग सोड.”

“ऐकलं का रं? आवळ म्हनतोय.”

सहादेवनं ऐकलंच नाही असं दाखवलं. दोनदा दात-ओठ खाऊन जोर लावला. मग हळूच, कुणाला दिसू नये असा, पाना आवळायच्या बाजूला दाबला. कट्कन आवाज झाला. बोल्ट हलला.

“रॉकेलनं सुटला,” तो आईला म्हणाला.

आता ब्रेकवर पाय द्यायला माणूस पाहिजे होता. रंगनाथ गाडीत चढून बसला. सहादेव चाकामागं आडवा झाला. बोल्टाला रबरी नळी लावून तिचं टोक त्यानं तेलाच्या बाटलीत सोडलं.

“आई, दाबायला सांग.”

“दाब रं बाबा. बघ कसा सांगतोय, जसा काय तू परका.”

बोल्ट सैल होताच बाटलीत तेल आलं, भसाभसा बुडबुडे आले.

“धरून ठेव म्हनावं! उचलू नको म्हनावं!”

गोजरबाईचं सांगून होईपर्यंत, बोल्ट आवळायच्या आतच, रंगनाथनं पाय उचललेला. निघालेली हवा परत आत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. देवळावरच्या कर्ण्यातून मृदंग घुमला, तसा गोजरबाईनं पदर खोचला.

“मी चालले भजनाला. तुमचे निरोप पोचवाय देवानं जन्माला न्हाई घातलं मला.”

आणि ती गेलीच.

सहादेव घामानं निथळत पडून राहिला. मृदंगाची लय वाढत होती.

“दाब,” शेवटी तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला कसासाच वाटला. “धर. धरून ठेव… हां, उचल.”

“उचलला,” वरून आलं.

“दाब, दादा.”

“दाबला.”

कीर्तनात बुवांनी ओळ टाकावी आणि मागच्यांनी ती झेलावी, तसं खाली-वर चालू झालं. बुडबुडे बारीक झाले, विरळ झाले, मग नुसतं नितळ तेल यायला लागलं. सहादेवनं बोल्ट आवळला.

“झालं?”

“झालं.”

वर काही हललं नाही. रंगनाथचा पाय ब्रेकवर तसाच होता.

“आनखी एकदा बघ की,” तो म्हणाला. “हवा लई लबाड आसती.”

सहादेवनं बाटलीकडं पाहिलं. नावालाही बुडबुडा नव्हता. त्यानं पाना पुन्हा बोल्टाला लावला.

“दाब, दादा.”