दम कमी पडतोय

साडूची माणसांनी खच्चून भरलेली गाडी चढावर हॉर्न वाजवत पुढे निघून गेली, वर खिडकीतून मेहुणीने हात हलवून टाटाही केला, तेव्हा काकांच्या जिवाची नुसती लाही लाही झाली. काकांची गाडी दोनच सीटांची, लालभडक. जुनी का असेना, पण स्पोर्ट्स कार! दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती गॅरेजात नेली. काकू सोबत होत्याच. काका गाडी घेऊन निघाले की शेजारच्या सीटवर काकू बसल्याच म्हणून समजा.

"मिस्त्री, आज काय तो सोक्षमोक्ष लावू. हेच इंजिन उघडून दुरुस्त करायचं, त्याला टर्बो जोडायचा, की सरळ दुप्पट ताकदीचं नवंच घालायचं?"

मिस्त्रींनी मान खाजवत काकूंकडे पाहिलं. "साहेब, या इंजिनातसुद्धा बक्कळ दम आहे हो."

"कसला डोंबलाचा दम! पाय पार खाली दाबला तरी पळेल तर शपथ. मला साडूला मागे टाकायचंय, बस्स! काय गं, तुझं काय म्हणणं?"

"मला मेलीला इंजिनातलं काय कळतंय? तुमच्या मनासारखं होऊ दे."

बायकोने एवढ्या सहज हो म्हटल्यावर काकांना हुरूप आला. साडूला फोनवर आव्हान द्यायला ते तरातरा बाहेर गेले.


काकू हळूच म्हणाल्या, "भाऊ, इंजिन कुठलंही घाला, फक्त मी तुमच्याकडून अ‍ॅक्सिलरेटरखाली बसवून घेतलाय ना, तो लाकडी ठोकळा या वेळी आणखी बोटभर जाड घाला."