आरामखुर्चीवरचा डाग

उशीवरचा डाग कडेला गडद आणि मध्ये फिकट होता. गाळणकागदावर थेंब पसरतो तसा पसरलेला, फक्त फार मोठा. सुलभा वाकून त्याच्याकडे बघत राहिली.

"परत?" आक्काबाईंनी आतून विचारलं.

"परत," सुलभा म्हणाली आणि आरामखुर्चीवरची उशी उचलून न्हाणीघरात घेऊन गेली.

मांजर दिवाळीत आलं होतं. सुलभा सायली गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती. तिथल्या गोदामात ते सापडलं. राखाडी, बुजरं. दिवसभर पलंगाखाली बसायचं, सगळे झोपले की बाहेर यायचं. मागच्या गॅलरीत तिने त्याच्यासाठी पत्र्याच्या ट्रेमध्ये वाळू ठेवली होती. वाळू रोज ओली व्हायची. तरीही कधी आरामखुर्ची भिजायची, कधी सतरंजी, कधी पलंगाची कड.

सगळ्यात जास्त त्रास अरविंदला, तिच्या नवऱ्याला होता. खुर्चीवरून उठला की त्याचा पायजमा ओला निघायचा.

"एवढं घर आहे, पण याला माझीच जागा सापडते," तो म्हणायचा.

"घरधनी कोण ते ओळखलंय त्याने," आक्काबाई म्हणायच्या. त्या अरविंदच्या आई. "आमच्या अमळनेरला असलं जनावर कधीच पोत्यात घालून नदीपार केलं असतं. इथे मेलं बशीतून दूध पितंय. मांजर आणलं का जावई आणला, सुलभा?"

अरविंद पावसाळ्यापासून बराच वेळ घरीच असायचा. त्याच्या कारखान्यात मशीनचा गिअरबॉक्स उचलताना त्याच्या पाठीत कळ आली होती. मुंबईला जाऊन मणक्याचं ऑपरेशन करा, उशीर करू नका, असं वापीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने आधी दसऱ्यानंतर जाऊ म्हटलं, मग दिवाळीनंतर. त्याच्या खात्यातला झुंबर नावाचा कामगार असंच ऑपरेशन करून आला होता आणि अजून खाटेवरच होता.

आता कळ उरली नव्हती. पायाला मुंग्या यायच्या. चालताना डावी चप्पल निघून मागे पडायची आणि तो तसाच पुढे जायचा. सुलभा ती उचलून आणायची.

"मुंबईचं काय ठरवलंत?" ती विचारायची.

"दुखत नाही आता. मग कशाला कापून घ्यायचं? आधी तुझ्या मांजराचं बघ."

ती मांजराचं बघत होती. वाळू काढून माती घातली. ट्रे गॅलरीतून न्हाणीघरात नेला. फिनेल बंद करून सतरंजी व्हिनेगरने पुसली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही तिची कामाची सवय होती. कशानेच फरक पडला नाही. मग तिने ट्रेमध्ये पुन्हा वाळू भरली.

वरच्या मजल्यावरचा ललित कंपनीची जीप चालवायचा. त्याने तोडगा काढला.

"वहिनी, रविवारी मी खानवेलला जातोच. जंगलात सोडून देतो. उंदीर खाऊन खाऊन शेठ होईल तिथे."

"ठरलं," अरविंद म्हणाला.

"हा रविवार राहू दे," सुलभा म्हणाली. "पुढच्या रविवारी."

"एक मांजर सोडायला तुला मुहूर्त लागतो?"

सुलभाने त्याच्याकडे बघितलं. मग ती कुकर लावायला आत गेली.

गुरुवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. अरविंद पाठ शेकायला दवाखान्यात गेला होता, आक्काबाई झोपल्या होत्या. भांडी घासायला येणारी दुर्गा काम आटोपून तिच्या गावी, अथालला निघाली, तेव्हा सुलभा तिला बस स्टँडपर्यंत सोडून आली. शुक्रवारी तिने बशीत दूध ओतलं. शनिवारी ट्रेमधली वाळू पालटली.

रविवारी सकाळी ललित रिकामं पोतं घेऊन दारात उभा राहिला.

"काढा तुमच्या पाहुण्याला बाहेर, अरविंदभाऊ."

अरविंद चहाचा कप ठेवून आरामखुर्चीतून उठला. त्याचा पायजमा मागून मांडीपर्यंत भिजला होता. उशी भिजली होती. खालच्या फरशीवर थेंब पडत होते.

"बघ!" तो ओरडला. "जाता जातासुद्धा! ललित, आधी याला पोत्यात घाल. पलंगाखाली बघ."

"चांगलं करकचून बांध रे," आक्काबाई म्हणाल्या.

ललित गुडघे टेकून पलंगाखाली वाकला. "इथे काही नाही."

"मांजर दुर्गाकडे आहे," सुलभा म्हणाली. "अथालला. गुरुवारपासून."

"काहीतरीच! आणि दूध कोण पीत होतं मग?" आक्काबाईंनी विचारलं.

"मी ओतून टाकत होते."

अरविंदने हात मागे नेला. ओल्या कापडाचा बोळा मुठीत धरला, सोडला, मग त्याच जागी मांडीला चिमटा घेतला. पुन्हा घेतला, जोरात. त्याचा चेहरा हलला नाही.

ललित पोत्याची घडी घालत राहिला, घातलेली घडी मोडून पुन्हा घालत राहिला.

"ललित," अरविंद म्हणाला, "खानवेल राहू दे. मला आजच मुंबईला ने. ऑपरेशन करून घेतो."