वाटीभर भात

"बूट काढ, आत ये," एवढंच म्हातारी म्हणाली. सव्वीस वर्षांनी दारात उभ्या राहिलेल्या शैलजाकडे ती भूत बघितल्यासारखी बघत होती.

जपानमधल्या याच घरात शैलजा शाळेचं एक वर्ष लेकीसारखी राहिली होती. बैठकीत घरातल्या मेलेल्या माणसांचं लाकडी देवघर होतं. त्यात आता म्हातारीच्या नवऱ्याचा फोटो होता, आणि त्याला खेटून शाळेच्या गणवेशातली, दोन वेण्यांची शैलजा. पुढ्यात वाटीभर भात वाफाळत होता.

"तुझ्या लातूरचा भूकंप टीव्हीवर बघितला. सात पत्रं टाकली गं मी. एकाचंही उत्तर नाही. मग मी काय समजायचं? तुझ्या वर्गातल्या पोरी अजून दर वर्षी येतात, उदबत्ती लावतात, रडतात."

शैलजाला काय धाड भरली होती? काही नाही. भूकंप झाला तेव्हा ती पुण्यात होस्टेलवर धडधाकट होती. साती पत्रं तिला पोचली होती. उद्या लिहू, परवा लिहू, म्हणत तिनं आधी आळस केला. मग लाज वाटायला लागली, तेव्हा सगळी पत्रं ट्रंकेच्या तळाशी दडपून टाकली.

"आई, चुकलं माझं," म्हणत तिनं फोटो काढायला हात घातला.

म्हातारीनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"तिला हात लावू नकोस. तू रविवारी निघून जाशील. ती माझ्याजवळ असते."

मग तिनं दुसरी वाटी घेतली आणि पाहुणीला भात वाढला.