गाडी विकायची नाही

पुण्याहून साईराजचं पत्र येऊन महिना झाला, तरी मी उत्तर दिलं नव्हतं. फोनवर मी नुसतं 'बरं' म्हणतो, म्हणून मुलाने मुद्दाम पत्र लिहिलं होतं. 'बाबा, या वयात पेट्रोलची स्पोर्ट्स गाडी कशाला? इलेक्ट्रिक घ्या. गिअर नाही, आवाज नाही, घरीच चार्ज होते. तुमचे हात थरथरतात. गणपतीला आलो की ही विकून टाकतो.'

मूर्तींच्या कारखान्यातून आलेली बायको रंगाचे हात पुसत म्हणाली, "अवो, लिवा की आता. का गाडी गेल्यावर लिवणार?"

"काय लिहू?"

"खरं हाय ते लिवा. पोरगाच हाय, वाघ नाय."

मग लिहिलं. 'चि. साईराज, इलेक्ट्रिक गाडी चांगलीच आहे, तू घे. ही विकायची नाही. हात माझे थरथरतात, ते या अक्षरावरून दिसेलच. पण गाडी तुझी आई चालवते. गणपतींचे डोळे आखणारा तिचा हात अजून केसभरही हलत नाही. आणि आवाज तिला आवडतो.'

रामवाडीच्या टपालपेटीत पत्र टाकलं आणि गाडीत तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसलो.

"पट्टा लावा," ती म्हणाली, "रोह्यापर्यंत जाऊन येऊ."