बेकरीवाल्याची पट्टी

चर्चचे पाळक वरच्या गॅलरीचा जिना चढू लागले, तशी ऑर्गनबाईची पट्ट्यांवरची बोटं मंदावली.

प्रभुभोजन संपत आलं होतं. वेदीपाशी गुडघे टेकून, भाकर आणि द्राक्षारस घेऊन मंडळी आपापल्या बाकांवर परतली होती. उरली होती ती एकटीच. ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाला मध्येच उठून खाली जाता येत नाही, म्हणून शेवटी पाळकच ताटली आणि प्याला घेऊन वर येत. गुडघा दुखरा, दोन्ही हात भरलेले. कठडा धरायला देवाने तिसरा हात द्यायला हवा होता, असं ते दर वेळी म्हणत आणि ती दर वेळी हसत असे.

आज तिला हसू येणार नव्हतं. नवरा गेल्यापासून तिने कसंबसं रेटून नेलं होतं. मागितलं ते मिळालं नाही, ही तिची तक्रार नव्हती. मागितलेलं सगळं कोणालाच मिळत नाही, एवढं तिला कळत होतं. पण पलीकडे कोणी ऐकतंय, असंच आताशा वाटेनासं झालं होतं. मघाशी सगळ्यांबरोबर ‘मी विश्वास धरते’ म्हणायला ती उभी राहिली आणि नुसतेच ओठ हलले. माणसांशी बोललेलं एखादं खोटं खपून जातं. हातावर भाकर ठेवली जात असताना ते कसं खपवायचं?

“हुश्श!” पाळक तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. “तिसरा हात असता ना, बाई...”

तिने वाजवणं थांबवलं. “साहेब, मला नको.”

“का? बरं वाटत नाही का?”

“बरी आहे मी. पण माझा विश्वास उरलेला नाही. आज घेतलं तर ते ढोंग होईल. आणि ऑर्गनसाठीही दुसरं कोणीतरी बघा.”

ती कुजबुजलीच होती, पण चूक व्हायची ती झाली. ऑर्गन बंद असला की गॅलरीतली कुजबुज खाली शेवटच्या बाकापर्यंत जाते. छतच तसं मुद्दाम वळवलेलं. वर बसून कुचाळक्या करू नका, सगळं खाली ऐकू येतं, असं गाणाऱ्या पोरींना तिनेच कितीदा तरी दटावलं होतं.

खाली सगळं चिडीचूप झालं. कोणी खोकलंसुद्धा नाही. उपासनेच्या पुस्तकात न छापलेलं काही घडलं की लुथरन पंथाची मंडळी जागच्या जागी थिजते, तशी ती थिजली. पाळकांनी खाली पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं, आणि ती तर बसली होती पहिल्या मजल्यावर.

तेवढ्यात बेकरीवाल्याने गायला सुरुवात केली.

हा बेकरीवाला म्हणजे तिच्या डोक्याला जुना ताप. आवाज दणदणीत, सुराशी कायमचं वाकडं. तो आभाराचं नेहमीचं गीत गाऊ लागला आणि त्याने ते धरलं थेट काळी चारमध्ये, म्हणजे नेहमीच्या पट्टीपेक्षा चांगलंच वर. शिंपीणबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या त्याच्यामागून गाऊ लागल्या. मग त्यांची सून. मग अख्खं चर्च. गळे ताणून, शिरा फुगवून, गरजेपेक्षा कितीतरी मोठ्याने. एकही मान वर वळली नाही.

ऑर्गनबाईला कळायला जरा वेळ लागला. कोणी आत रडत असलं की बाहेरच्या माणसाने दार अलगद लोटून घ्यावं, तसं चाललं होतं ते.

“बोला आता,” पाळक म्हणाले. “आता कोणाला ऐकू जाणार नाही.”

“काय बोलू? विश्वास नाही, एवढंच आहे.”

“तो मी विचारला कुठे? तुम्हाला खाली येता येत नाही, म्हणून मी वर येतो. इतकी वर्षं हेच तर चाललंय.”

तिला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं. आभार मानावेसे वाटले. बेकरीवाल्याचे, शिंपीणबाईंचे, या दुखऱ्या गुडघ्याचे. सगळ्यांचे मनोमन मानून झाले, तरी आभार संपेनात. उरलेले कोणाचे मानायचे, हे तिला सांगता आलं नसतं. तिने हात पुढे केला.

“ख्रिस्ताचं शरीर,” पाळक म्हणाले. “तुमच्यासाठी दिलेलं.”

तिने भाकर खाल्ली. प्याल्यातला घोट घेतला. खाली दुसरं कडवं सुरू झालं होतं आणि उंच सुरांच्या ओळीपाशी सगळ्यांचे गळे फाटायच्या बेतात होते. पुस्तकातलं गीत पांढरी चारमधलं. एरवी तिने मंडळीला कान धरून तिथे खाली आणलं असतं. आज तिने पुस्तक मिटलं, चाचपडत एक सूर चुकीचा दाबला, मग बरोबर सापडला आणि ती हलकेच त्यांच्यात शिरली.

बेकरीवाल्याने दचकून वर पाहिलं. ऑर्गन त्याच्या पट्टीत वाजत होता.

पाळक जिन्यापाशी थांबले. “मग? ऑर्गनसाठी दुसरं कोणी बघू का?”

“बघा की,” डोळे पुसायला हात मोकळा नसलेली ऑर्गनबाई म्हणाली. “काळी चारमध्ये वाजवणारं मिळालं तर बघा.”